माईकवर न घेतलेलं नाव

सोमवार, ९ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक. छकुलीचा खोकला गेला. दुकानात पंख्यांचा नवा माल आलाय, आता मान वर करायला फुरसत नाही. तुझे पाय कसे आहेत? शेकतेस ना?

शनिवारच्या स्पर्धेत माईक माझ्याकडे होता. आवाज बरा म्हणून बोलावतात, पण धावण्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून आठवडाभर छकुलीच्या शाळेतल्या खेळाच्या सरांच्या मागे लागलो होतो.

"शंभर मीटरचं काय सांगायचं, सर? बंदूक वाजली की संपलीच."

"तेच सांगा. ठोकळ्यावर पाय रोवून वाकतात, आणि बंदुकीआधी सुटला तो बाद."

सगळं पाठ केलं. चारशेला बाहेरच्या पट्ट्यातली मुलगी पुढे उभी दिसते, ती लबाडी नव्हे. तिचं वळण लांब पडतं म्हणून. आठशेला पहिलं वळण आपापल्या पट्ट्यात, मग सगळ्या आतल्या कडेला येतात. अडथळ्यांच्या शर्यतीत पाय लागून अडथळा पडला तरी चालतो. रिलेत दांडी ठरलेल्या टापूतच हातात पडायला हवी. हे मी इतक्या ऐटीत सांगत होतो की मांडवात शेजारी बसलेल्या स्पर्धेच्या अध्यक्षांनी स्वतःचा चहा माझ्याकडे सरकवला.

पाच हजार मीटरबद्दलही सांगितलं. साडेबारा फेऱ्या, इथे वेगापेक्षा दम महत्त्वाचा वगैरे. त्यानंतर जे बोललो त्याबद्दल एवढंच, की ऊन डोळ्यांवर होतं आणि मांडवातून चेहरे नीट दिसत नव्हते.

नाही ताई, हे खोटं आहे. खोडणार होतो, पण राहू दे.

मी तुला पहिल्याच फेरीत ओळखलं. अंगावर भाऊजींचा निळा सदरा होता, बाह्या दुमडलेल्या. ते गेल्यापासून तू पहाटे धावतेस हे ठाऊक होतं, पण तू नाव दिलं असशील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. विशीतल्या मुलींमध्ये तू एकटी, पिकल्या केसांची. त्या तुला मागे टाकून पुन्हा पुन्हा पुढे जात होत्या. अध्यक्ष हसून म्हणाले, "ह्या बाई कोण हो? तुमच्या ओळखीच्या?"

"छे," मी म्हणालो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मांडवातले लोक हसत होते, आणि मी त्यांच्यातला आहे हे मला दाखवायचं होतं. बाकीच्या पोचल्या, तू एकटीच धावत राहिलीस. रिलेच्या मुली खोळंबल्या होत्या. मी माईकवर म्हणालो, "पुढच्या शर्यतीतल्या मुली म्हाताऱ्या व्हायच्या आत ह्या बाई पोचतील अशी आशा करू या." अख्खं मैदान हसलं. तू तेव्हा बरोबर मांडवासमोर होतीस. माझ्याकडे पाहिलंस, आणि तशीच पुढे गेलीस.

मग त्या खोळंबलेल्या मुलींनीच टाळ्या सुरू केल्या. दोघी तुझ्याबरोबर कडेकडेने पळाल्या. तू रेषा ओलांडलीस तेव्हा पंचांनी चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. पोचलेल्या प्रत्येकीचं नाव मी वाचलं होतं. तुझं वाचलं नाही. आडनावावरून अध्यक्षांना कळेल अशीही भीती नव्हती, ते तर सासरचं आहे. तरी जीभ उचलली नाही. नंतर नळावर तू तोंड धूत होतीस, आणि मी मांडवाच्या कनातीआड उभा राहिलो, तू जाईपर्यंत.

घरी छकुलीने विचारलं, "आत्या पळाली तेव्हा तुम्ही तिचं नाव का नाही घेतलंत?" ती मैदानावर आईबरोबर होती, ताई. मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, विसरलो. कालपासून ती माझ्या ताटाशेजारी बसत नाही.

आणि काल तू फोन केलास तो छकुलीच्या आईला. म्हणालीस काय, तर दिवसभर बोलून त्याचा घसा बसला असेल, हळद घालून दूध दे. ही तुझे शब्द मला सांगत होती आणि मी दूध पुढ्यात घेऊन बसलो होतो. त्यावर साय धरली.

तू रागावली असतीस तर बरं झालं असतं. गुरुवारी दुकान बंद असतं. मी येईन. दार उघडायचं की नाही ते तू ठरव, मी बाहेर थांबेन.

अध्यक्षांना आज सकाळी सांगितलं, त्या माझ्या सख्ख्या बहीण. ते म्हणाले, "मग तेव्हाच का नाही बोललात?"

शनिवारी ज्याने ओळख दिली नाही, तो

तुझा धाकटा भाऊ