दिवस कुरतडणारा उंदीर

६ एप्रिल, सोमवार
सुचलं एकदाचं! उन्हाळ्यात दिवस मोठा होतो म्हणजे काय, हे पहिलीच्या पोरांना सांगून सांगून घसा बसला होता. आता दर सोमवारी त्या दिवसाएवढी पिवळी पट्टी भिंतीवर – एका तासाला चार बोटं. प्रत्येक पट्टी आधीच्यापेक्षा लांब. मोठ्या बाई आत डोकावून "बरंय" म्हणाल्या. त्यांच्या तोंडून "बरंय" म्हणजे पदकच!
महिनाअखेर साहेब तपासणीला येणार. नोकरी कायम होणार की घरी बसायचं, ते या भिंतीवर.
घरी सासूबाई – "दिवस मोठा झाला तर नाचायचं काय त्यात? कामच वाढतं." सगळ्या उत्साहावर पाणी.

१३ एप्रिल
वर्गातला चष्मेवाला पोरगा विचारतो, "बाई, हिवाळ्यातला दिवस धुवून आटला होता का?" फळ्याकडे तोंड करून हसले.

२१ एप्रिल
काल लावलेली तिसरी पट्टी आज पहिलीपेक्षा आखूड! खालून कापलेली. शिपाईमामांचा निकाल – उंदीर.
"मामा, उंदीर इतका सरळ कापतो?"
"शाळेतला आहे ना, बाई."

२२ एप्रिल
भिंतीखाली सापळा लावला. सापडलं ते मोठ्या बाईंच्या पायाचं बोट. पदक परत गेलं.

२७ एप्रिल
तपासणी. सकाळी येऊन बघते तर शनिवारीच नव्याने लावलेल्या चारही पट्ट्या कापलेल्या! साहेबांनी विचारलं, "मुलांनो, उन्हाळ्यात दिवस मोठा होतो की लहान?" भिंत म्हणतेय लहान.
आणि चिमणी उभी राहिली! पहिल्या बाकावरची, वर्षभर तोंड न उघडलेली. खिशातून पिवळे तुकडे काढून म्हणाली, "मोठा होतो. मी कापला."
साहेब पोट धरून हसले. शेरा – "विषय मुलांपर्यंत उत्तम पोचला आहे." सुटले!! पण त्या कार्टीला उद्या बघते.

२८ एप्रिल
खरडपट्टी काढायची म्हणून शाळा सुटल्यावर थांबले. चिमणी फाटकाशी, मामांच्या स्टुलावर. मी घरी गेल्यावर ही रोज इथे बसते, हे मला ठाऊकच नव्हतं.
"का गं कापलास?"
"आई घरं रंगवते. उजेड असेपर्यंत मुकादम सोडत नाही. तुम्ही दिवस वाढवता, मग ती उशिरा येते."
तिच्या शेजारी पायरीवर बसले. आम्ही दोघी अंधाराची वाट बघत होतो.