गिटार नसलेली गाणी

प्रिय संदेश,

सोमाटण्यापासून लोणावळा ते काय लांब, आणि त्यासाठी पोस्टानं पत्र! पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू ते आधी बाजूला सारशील, चहा पिशील, मला मनातल्या मनात चार शिव्या घालशील आणि मगच फोडशील. एवढे फोन केलेस, मी एकही उचलला नाही, तेव्हा चिडायचा हक्क तुझाच. पण मीही चिडलेली आहे. तुझ्यावर थोडी, बाकीच्या जगावर पुष्कळ. त्यामुळे हे पत्र गोडीगुलाबीचं होणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

अल्बम पुरा झाला. तुझ्या कानावर उडत उडत आलंच असेल. सगळी गाणी मराठी. जवळजवळ चाळीस वर्षं आपण इंग्रजीत ब्लूज-रॉक करत आलो, आणि आता साठीला टेकल्यावर राजेश्वरीबाईंना हे सुचलंय! एकाही गाण्यात गिटार नाही. ढोल आहे, बेस आहे, आणि लग्नाच्या बँडात असतं ना, पोटावर धरून फुंकायचं मोठं पितळी वाद्य, ते आहे. ढोलावर आमच्या जवळच्या उर्से गावच्या ढोल-पथकातला माऊली, आणि पितळी वाद्यावर तळेगावच्या बँडमधला भिमाजी. पहिल्याच दिवशी भिमाजी म्हणाला, "ताई, लय हळू झालं ओ हे. वरातीत असं वाजवलं तर नवरदेव घोड्यावरच झोपंल." मी म्हटलं, झोपू दे, मला असंच हवंय. ते दोघं जीव ओतून वाजवतात. माऊलीचा ढोल पडला की माझ्या बरगड्या हलतात. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार बाकीच्यांची आहे. अल्बम काढणाऱ्या मुंबईच्या कंपनीतली अमृता जाहिरातीचं बघते. तिनं लिहिलंय, 'मातीकडे परतलेला आवाज'. मातीकडे! आमच्या मातीवरून आता एक्स्प्रेस-वे गेलाय. परतायचं म्हटलं तर टोल भरून परतावं लागेल. एका पोरसवदा पत्रकारानं विचारलं, या वयात एवढं धाडस कुठून आणलंत? मी नुसतीच हसले. दुसऱ्या दिवशी छापून आलं की राजेश्वरी मौनातून खूप काही बोलून गेल्या. आणि आपला पिंपरीचा पप्पू, पावसापाण्यात आपला एकही कार्यक्रम न चुकवणारा, त्याला मी दोन गाणी पाठवली. त्यानं लिहिलं, "ताई, राग मानू नका, पण तुमी आमची ताई वाटंना झालाय." कौतुक करणाऱ्यांचा राग येतो आणि नावं ठेवणाऱ्यांचाही येतो, अशी गत झालीय. दोघंही भलत्याच कुणाबद्दल तरी बोलतायत असं वाटतं.

हल्ली घरातही बसवत नाही. शनिवार-रविवार आजूबाजूचे बंगले पार्ट्यांना भाड्यानं जातात. भिंतीतून नुसता धम् धम् धम्. गाणं कुठलं ते कळत नाही, दणका तेवढा येतो. परवा मी स्वयंपाकघरातच भाजी निवडत बसले होते, तर आई आतून काठी टेकत आली. "अगं, कुकर कवाचा बोंबलतोय, तू हितंच बसलीस न्हवं?" मी म्हटलं, लक्ष नव्हतं. आईनं गॅस बंद केला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. आमच्या आईची, शालूबाईंची नजर तुला माहीतच आहे, त्या नजरेपुढे मी हॉटेलात गायला लागले तेव्हाही खोटं टिकलं नव्हतं. तुझ्या आईचे, शकुबाई मावशींचे गुडघे कसे आहेत? त्यांना माझा नमस्कार सांग. भांडण तुझ्याशी आहे, त्यांच्याशी नाही.

हॉटेलचं निघालंच आहे तर सांगते, ते दिवस फार डोक्यात येतात. आमचे आबा त्या हॉटेलच्या भटारखान्यात, आणि मी सुट्टीत भांडी विसळायला. बाहेर बँड वाजवायचा, आत मी नळाखाली ताटं धरून तेच गायचे, इंग्रजीचा अर्थ कळत नसताना. ज्या दिवशी त्यांच्या गायिकेचा घसा बसला, त्या दिवशी मॅनेजरनं मला ओल्या हातांनी स्टेजवर ढकललं. तू तेव्हा नवीनच आला होतास. तुझ्या श्रीपतीकाकांच्या गायन पार्टीत पेटीवर भीमगीतांना साथ करणारा पोरगा, हातात उसनी गिटार. तू वरचा एक सूर छेडलास, तसाच लांबवलास आणि हळूच म्हणालास, "हा धर आणि ये वर." मी आले. नंतर आबांना कुणीतरी सांगितलं की तुमची पोरगी हॉटेलात गाती, तेव्हा आईच म्हणाली, "गाती तर गाऊ द्या, चोरी तर न्हाई ना करत." त्यानंतर इतकी वर्षं, संदेश, मी प्रत्येक गाणं तुझ्या त्या वरच्या सुराला धरूनच चढले. लोक म्हणायचे, बाईच्या गळ्यात काय ताकद आहे! ताकद होती, पण वाट तू दाखवायचास. हे तुला मी कधी सांगितलं नाही. सांगायची गरज आहे असं कधी वाटलंच नाही.

आणि मग गेल्या वर्षीचा पुण्याचा कार्यक्रम. तू त्याबद्दल एक शब्द बोलत नाहीस, मीही नाही, पण आपल्यामध्ये तोच येऊन बसलाय. भर गाण्यात मी तुझ्याकडे वळून माइकवर म्हणाले, "संदेश, वाजव ना रे!" लोक हसले. तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी तुझ्या थोबाडीत मारली. वायर काढलीस, गिटार उचललीस आणि निघून गेलास. दुसऱ्या दिवशी तुझा मेसेज आला, गिटार नको असेल तर तोंडावर सांग, चारचौघांत थट्टा कशाला? मी उत्तर दिलं नाही, कारण मला खरंच कळेना की तुझं बिनसलं कशानं. तूच थांबलास आणि वर माझ्यावरच रुसलास, असं म्हणून मी घरभर आदळआपट केली. आठवड्याभरानं कुणीतरी त्या गाण्याचं मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग पाठवलं. मी ते पाहिलं. तुझी बोटं गिटारीच्या पार खालच्या टोकाला, जिथं सगळ्यात वरचे सूर असतात तिथं, तारांवर भराभर फिरत होती. तू वाजवत होतास. मी 'वाजव ना' म्हणाले तेव्हाही वाजवत होतास. लोक मान डोलवत होते. आणि मला पुन्हा पुन्हा लावूनही त्यातला एक सूर ऐकू आला नाही.

संदेश, माझे कान गेले. सगळे नाही, वरचे गेले. तळेगावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, एवढी वर्षं स्पीकरच्या तोंडाशी उभ्या राहिलात, हे व्हायचंच होतं, आणि गेलं ते परत येणार नाही. खालचं ऐकू येतं. ढोल येतो, बेस येतो, भिमाजीचं पितळ येतं. शिट्टी येत नाही, पाखरं येत नाहीत, तुझी गिटार येत नाही. फोनवर माणूस बोलतो ते नुसतं घोंघावतं, म्हणून मी उचलत नाही. कानातलं यंत्र घेतलंय. समोरासमोर बोलणं त्यानं जरा कळतं, पण गाणं लावलं की पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवल्यासारखं होतं. तुझं नाव कुणी घेतलं तरी त्यातले स आणि श गळून पडतात, मधला 'दे' तेवढा पोचतो. तर हे आहे माझं धाडस, आणि ही माझी नवी वाट. जेवढं ऐकू येतं, तेवढ्यात मी गाणी बांधली. आता घरात आई सोडून हे फक्त तुला ठाऊक आहे.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. मला ही गाणी आवडतात. पण ती चांगली आहेत म्हणून आवडतात, की तेवढीच ऐकू येतात म्हणून आवडतात, हे मला कळत नाही आणि त्या विचारानं डोकं फुटायची वेळ आलीय. मिक्सिंगच्या वेळी आमचा रेकॉर्डिंगवाला आकाश दोनतीनदा म्हणाला, "ताई, वरती काहीतरी टोचतंय, काढू का?" मी ठसक्यात म्हटलं, राहू दे. त्याला वाटलं, यामागे काहीतरी मोठा विचार असणार. आता तो काही विचारतच नाही, नुसता मान डोलवतो. अमृताला तारीख गाठायचीय. माऊली आणि भिमाजी मला ताई म्हणतात, ते कसलं बोलतायत! काल मी अमृताला समोर बसवून सांगितलं, संदेश ऐकेपर्यंत अल्बम बाहेर जाणार नाही. ती बरंच काही ओरडली, चेहऱ्यावरून दिसत होतं. जगात तू एकटा आहेस जो मला 'आज बेसूर होतीस' म्हणू शकतो, आणि म्हणत आलायस. रविवारी सकाळी तुझ्या लोणावळ्यातच, तुंगार्लीला आकाशच्या स्टुडिओत ये. गिटार आणायची की नाही ते तू ठरव, मी मागणार नाही. पहिल्या गाण्यापासून शेवटापर्यंत ऐक. मी बाहेर पायरीवर बसेन. टोचतंय ते काय आहे, माझ्या आवाजाची वरची धार आहे की झिजली, हे लोकांपुढे न्यायच्या लायकीचं आहे की आकाशकडून पुसून टाकायचं, ते मला सांग. मी तुझंच ऐकेन. फक्त उजेडात उभा राहा, सावकाश बोल, आणि वाईट असलं तर तुझ्या सवयीनं खिडकीकडे तोंड करून सांगू नकोस. पाठ फिरवून बोललास, तर मला काहीच ऐकू येणार नाही.

तुझ्याशी अजून पुष्कळ भांडायचं असलेली, तुझीच
राजू