भिंगरी नापास

४ फेब्रुवारी
आली! आपल्या पायांनी चालत माझ्या तावडीत आली! आमच्या वाहन परवान्याच्या ऑफिसात, हातात अर्ज, केस पांढरे, चाल मात्र तीच — भिंगरी. शाळेत माझ्या गळ्यात गळा घालून फिरणारी. पन्नाशी उलटल्यावर बाईसाहेबांना गाडी चालवायचीय. आणि इथे परीक्षा घेणारी मी एकटीच!
"अगं ठमे, तू?" म्हणाली.
"अहो, सीटबेल्ट लावा," मी म्हटलं.
वळताना इंडिकेटर विसरली. नापास! आज जेवण गोड लागलं.

५ फेब्रुवारी
सकाळपासून डोकं तापलंय. आई घर सोडून गेली तेव्हा मी वर्गात सांगितलं होतं — ती मावशीकडे आहे, आजारी आहे. खरं काय ते फक्त भिंगरीला सांगितलं, तेही शपथ घालून. दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत एकीने तोंडावर विचारलं, "तुझी आई कुणाबरोबर गेली गं?" सगळ्या फिदीफिदी हसल्या. भिंगरी मान खाली घालून डबा खात होती.
त्यानंतर तिच्याशी एक शब्द बोलले नाही. लग्नाला बोलावलं, गेले नाही. फोन आले, उचलले नाहीत. पण तसली मैत्रीण पुन्हा झाली नाही, हेही खरं. राग त्याचाच जास्त येतो!

७ मार्च
पुन्हा हजर. परीक्षेत सूचनांपलीकडे बोलायचं नाही हा नियम किती कामाचा आहे! ती म्हणते, "तुझे बाबा शेवटी—" मी म्हणते, "डावीकडे घ्या." ती म्हणते, "मला त्या दिवशी—" "डावीकडे घ्या." आम्ही गोल फिरून पुन्हा ऑफिसाशी आलो. गाडी मागे घेताना खांबाला टेकवली. नापास.

८ एप्रिल
चढावर गाडी बंद पाडली. शिक्का असा हाणला की टेबल हाललं. ती शांतपणे, "बरं. पुढच्या महिन्यात येते." रड ना जरा! मी रडले होते की नाही?

९ मे
चाक फुटपाथवर. नापास. निवृत्त होईपर्यंत सोडणार नाही.

२१ मे
ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर दुसऱ्या कुणाला घेऊन आले होते. मी खवचटपणे म्हटलं, "तुमच्या त्या बाईंना निदान स्टिअरिंग धरायला तरी शिकवा."
मास्तर इकडेतिकडे बघून म्हणाले, "मॅडम, तुम्हाला म्हणून सांगतो. त्यांच्याइतक्या सफाईने माझ्याकडे कुणीच चालवत नाही. गल्ली असो, चढ असो. तुमच्यासमोरच मुद्दाम चुकतात. मी रागावलो, तर म्हणाल्या — पास झाले, तर ती पुन्हा माझ्या शेजारी बसेल का हो?"
लबाड! मला वाटत होतं मी सूड उगवतेय, आणि ही आरामात माझ्या शेजारी बसून जात होती! ठरलं. पुढच्या वेळी काहीही कर म्हणावं, पास करते. परवाना घे आणि चालू लाग. याहून चांगला सूड कुठला?

१० जून
मला सगळं कळलंय हे मास्तरांनी तिला सांगितलं असणार. आज आरसा, इंडिकेटर, चढ — बोट ठेवायला जागा नव्हती. नजर सरळ रस्त्यावर. निरोप घ्यायला आल्यासारखी.
"आरसा बघितला नाहीस," मी म्हटलं. बघितला होता.
नापास केलं. पुढच्या महिन्यात ये म्हटलं.