खळीनं चिकटवलेलं पाकीट

धारूर, ४ जून २०२४

चि. राजनंदिनीस आप्पाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. आमी दोघं खुशाल. फोनवर मला धड ऐकू येत न्हाई, अन् हे फोनवर बोलायचंबी न्हाई. हैदराबादच्या कंपनीत पेटंटाचं सगळं तुझ्याकडं, पण औंदा नवं काही हाती न्हाई, खुर्ची हलायलीय, असं तू म्हणली होतीस. सोबतच्या बंद पाकिटात जनावराच्या पोटफुगीची जडी लिहिलीय. सांगितली की हाताचा गुण जातो, म्हणून चाळीस वर्षं तुझ्या आईलाबी सांगितली न्हाई. तुझ्या धंद्यात सगळं उलटं, उघड लिहून दिलं तरच मालकी! असू दे. लेकीपुढं गुण काय चीज हाय? वेळेवर जेवत जा.

म्हाताऱ्यावर लोभ असू दे.
आप्पा

हैदराबाद, २२ सप्टेंबर २०२४

ती. आप्पांस सा. न. वि. वि.

आईचा फोन आला होता. तीन महिने तुम्ही दारी आलेली जनावरं परत पाठवताय म्हणे, गुण गेला म्हणून. अहो आप्पा, मी पाकीट उघडलंच नाही! माझं दुसऱ्या संशोधनावर निभावलं. पाकीट होतं तसं परत पाठवतेय. हट्ट पुरे, उद्यापासून औषध द्या बघू.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची नंदा

धारूर, ३ ऑक्टोबर २०२४

चि. नंदास आईचा आशीर्वाद.

पाकीट पोचलं. तुझे आप्पा लेकरावानी हरखले गं. मग बोटानं त्याची कड चाचपली अन् पाकीट माझ्या हाती दिलं. ते पाकीट मी ज्वारीच्या पिठाची खळ लावून चिकटवलं होतं. आलं ते दुकानातल्या गोंदानं चिकटवलेलं. मला म्हणले, पोरीनं माझ्यासाठी खोटं लिवलंय, तिला कळू देऊ नको.

काल शेजारच्या सुग्रीवची कालवड पोट फुगून दारात आली. यांनी जडी दिली न्हाई. डॉक्टर येईस्तोवर ती गेली. तिच्यापाशी बसून लई रडले. बाई, उघडलंस ते उघडलंस, तुझ्या कामाला तरी आली का?

आमची आठवण ठेव.
छबुबाई

हैदराबाद, ९ ऑक्टोबर २०२४

ती. आईस सा. न.

नाही आली गं. प्रयोगशाळेत तीनदा तपासली, जडीला गुणच दिसला नाही. फाईल बंद करायची सही माझीच आहे. पुढच्या महिन्यापासून ही नोकरीही नाही. आप्पांनी आयुष्यभराचं दिलं आणि मी ते वाया घालवलं, आई.

हे पत्र वाचून चुलीत घाल. आप्पांना मात्र सांग, लई कामाला आली.

तुझी नंदा