तबकडीवरची खालची ओळ

अण्णा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली, आणि मी आज भांडायला बसलेय. लिहितेय माझी नात. मी सांगेन ते तसंच लिहायचं, गोड करायचं नाही, असं आमचं ठरलंय. आत्ताच तिने विचारलं, "आजी, 'खोटारडे' लिहू?" लिही म्हटलं. जाड अक्षरात लिही.

हिला पहिल्या पगारातून टर्नटेबल घ्यायचं होतं. म्हणजे आपला रेकॉर्ड प्लेअरच, नाव बदलल्यामुळे महाग झालेला. धायरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये ताट ठेवायला जागा नाही, आणि बाईसाहेबांना तबकड्या ऐकायच्यात. मी म्हटलं, "सगळी गाणी फोनमध्ये येतात ना तुझ्या?" तर म्हणाली, "त्यात तू येत नाहीस, आजी." माझ्या आवाजाची एक तबकडी आहे, ही बढाई मीच कधीतरी मारली होती. आता काय सांगणार? पेटी उघडली. तुमची ती लहान तबकडी साडीत गुंडाळून तळाशी होती, ती काढून दिली.

रविवारी बिबवेवाडीच्या एका दुकानात गेलो. तिथले गृहस्थ जुने-नवे प्लेअर विकतात, दुरुस्तही करतात. नातीचा जीव जडला एका गुलाबी प्लेअरवर, झाकण लावलं की सुटकेस. गृहस्थ म्हणाले, "छान आहे. प्रवासाला न्या. रेकॉर्ड लावू नका." का, तर त्याची सुई जड, आणि तिचा भार कमी करायची सोय नाही. तबकडीवरून नांगर फिरवल्यासारखी फिरते. दुसरा एक होता, काळा, साधा, त्याच्या सुईच्या दांडीच्या शेपटीला भार कमी-जास्त करायला फिरवायचं वजन, सुई झिजली की बदलता येते. नात म्हणाली, "काका, याच्यात माझं बजेट संपतं. मग स्पीकर?" ते म्हणाले, "घरात जुना असेल तो जोडा. पैसे सुईत घाला, रंगात घालू नका." मी लगेच म्हटलं, काळा द्या. माझ्याकडे तबकडी एकच आहे, ती खरवडली तर मी दुसरी कुठून आणू?

भार लावून बघायला त्यांनी तबकडी मागितली. नातीने पाकिटातून काढली आणि मधल्या गोल कागदावरचं मोठ्याने वाचायला लागली. तुमचं नाव. पुढे 'आणि पार्टी'. मग गाण्यांची नावं. मला विचारते, "तुझं नाव कुठाय गं?" मी सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तिने तबकडी डोळ्यांजवळ धरली. मग हळूच म्हणाली, "आजी, हे 'मेड इन इंडिया' आहे." गृहस्थ घसा खाकरून म्हणाले, "कोरसची नावं छापत नसत, आजी. कुणाचीच." चांगले आहेत बिचारे. तुमची बाजू घेतली.

अण्णा, मला तो दिवस लख्ख आठवतो. आई भाकरी थापतेय, मी परातीपाशी पीठ मळतेय. तुम्ही मुंबईहून आलात, बूटसुद्धा न काढता आत आलात. माझं पिठाचं बोट धरलंत आणि त्याच ओळीवर टेकवलंत. "हे बघ, हे तुझं नाव." आई हसली. मी त्या दिवशी जेवले नाही, इतकी फुगले. पुढे वस्तीतल्या बायकांना तसंच बोट ठेवून दाखवत होते. त्याही माझ्यासारख्याच, त्यांना काय कळणार. तुमचे जावईही अंगठा लावणारे. सगळ्यांनी मान डोलावली. मेड इन इंडियाला.

आणि खोटं नावापुरतं असतं तर एक वेळ सोडलंही असतं. गाणं कुठलं होतं? पोरींनी शाळेत जावं, हे गाणं. जयंतीच्या मंडपात तुम्ही हात वर करून म्हणायचात, लोक शिट्ट्या मारायचे, आणि मागून मी ताणून ताणून झील ओढायचे, शाळेला चला, शाळेला चला. शेजारची पोर पाटी घेऊन निघाली तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं, मी जाऊ का. तुम्ही बाजाच्या पेटीवरचा हातही उचलला नाहीत. "तू गेलीस तर झील कोण ओढणार?" एवढंच. गावभरच्या पोरी तुमचं ऐकून शाळेत गेल्या असतील. मी तुमच्या दीड हात मागे उभी होते.

काल तो काळा प्लेअर घरी लागला. सुई टेकली, खरखर झाली, आणि माझा आवाज आला. काय आवाज होता हो, अण्णा. तुमच्यापेक्षा सुरात. नात म्हणाली, कागदावर पेनाने तुझं नाव लिहू का? मी नको म्हटलं. खोट्यावर आणखी शाई कशाला. हे पत्र तेवढं घडी घालून त्याच पाकिटात राहील. तुमचा पत्ता कुणाकडे आहे?

आता नातीला म्हटलंय, शेवटचं लिही आणि वर बघू नकोस. मला हे रविवारीच कळलं असं वाटत असेल, तर ते खरं नाही. माझा मुलगा पहिलीत गेला, दुकानांच्या पाट्या वाचायला लागला, त्याच आठवड्यात मी ती तबकडी साडीत गुंडाळून पेटीच्या तळाशी घातली होती.