खांडीवर धावायचं कोणी?

शिर्की, ता. पेण
सोमवार, ५ जानेवारी २०२६, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे

ती. निकेतदादास प्रज्योतचा शि. सा. न. वि. वि.

वजनकाट्याच्या केबिनमध्ये पहिल्या ट्रकची वाट बघत लिहितोय. तुझा फोन प्रशिक्षण केंद्रात जमा झाला आणि मोबाइलवरच्या फुटबॉल लीगमधला तुझा संघ माझ्या हाती आला, त्याला आज पंचवीस दिवस झाले. पाच सामने खेळलो, पाचही हरलो. १८ तारखेला शेवटचा सामना गावातल्या शुभमच्या संघाशी आहे. तोही हरलो तर क्लब मॅनेजरला, म्हणजे आपल्याला, काढून टाकेल आणि तुझी चार वर्षांची मेहनत वाया जाईल.

तू सांगितलेलं वहीत आहे: चेंडू जास्तीत जास्त आपल्याकडे ठेवायचा, गेला की लगेच दाब टाकून परत मिळवायचा. म्हणून मी दहाही जणांना सूचना लावली, की चेंडू गेला की सगळ्यांनी त्याच्यावर धावायचं. बांधाला खांड पडून खाडीचं पाणी शेतात शिरलं की अख्खा गाव धावतो, तसं. पण समोरचे एक लांब पास मारतात आणि मागे आपला गोलकीपर एकटा. शुभम सगळ्यांना सांगत फिरतोय, की दहावीत गणितात गेला तो इथे काय पास होणार.

दादा, माझ्या हाती दिलेली वस्तू बिघडते हे तुला ठाऊक होतं. मग मलाच का दिलीस? राग न धरता दोन ओळी लवकर धाड.

तुझा प्रज्योत


रविवार, ११ जानेवारी

चि. प्रज्योत यास अनेक आशीर्वाद.

इथे रोज पहाटे आम्हाला पळवतात, त्यामुळे तुझ्या दहा जणांची दया आली.

खांड पडली की गाव धावतो हे खरं. पण तू नेहमी सर्वांत पुढे, कमरेएवढ्या चिखलात. मागे कोण राहतं ते तू कधी पाहिलंच नाहीस. काळूकाका त्या वेळी कुठे असतात, ते त्यांनाच विचार. बापाला विचारायला लाजू नकोस.

मलाच का, म्हणतोस. शुभमने एका दिवसात सगळे खेळाडू विकून टाकले असते. तू सगळं वहीत उतरवून ठेवलंस. काकीला नमस्कार सांग, आणि जेवत जा.

तुझा दादा, निकेत


शिर्की
सोमवार, १९ जानेवारी, सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटे

ती. दादास सा. न.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. बाबांना विचारलं तर आधी म्हणाले, काय कामधंदा न्हाय काय तुला. मग चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, की सगळेच खांडीवर धावले तर उघाडीवर कोण? भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून बांधातलं ते फाटक बंद करून ते आणि सदाकाका तिथेच उभे राहतात. जवळ असतील तेवढेच खांडीवर जातात, बाकीचे मागच्या बांधावर. मी वहीची दोन पानं भरली.

आता चेंडू गेला की जवळचे चौघंच धावतात, तेही सहा सेकंद. मिळाला नाही की परत जागेवर. तिघं पासच्या वाटा अडवतात, एक पुढे थांबतो. मागचे दोघं हलतच नाहीत. त्यांची नावं मी काळूराम आणि सदा ठेवली.

काल एक-शून्यने जिंकलो, दादा. चेंडू त्रेसष्ट टक्के आपल्याकडे. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला शुभमने नेहमीचा लांब पास मारला, आणि चेंडू सरळ सदाच्या पायात. बाबा माझ्या खांद्यावरून बघत होते. सामना संपल्यावर त्यांनी विचारलं, की मी कुठला? दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, बरा उभा हाय.

रात्री पोटभर जेवलो. तुझी माया अशीच राहू दे.

तुझा प्रज्योत

ता. क. खर्च: नेटचं रिचार्ज एकोणतीस रुपये, बाबांना आणि सदाकाकांना भजी चाळीस. देणं: काही नाही. तुझा संघ जसा दिलास तसा आहे.