नमुना सात आणि दाराची गोल मूठ

३ मार्च
आमच्या क्रीमच्या कारखान्यात नवा माल आला. नारळाच्या तेलापासून काढलेलं एमोलिअंट, म्हणजे कातडी मऊ ठेवणारं द्रव्य. नमुना सात. बघताक्षणी ओळखलं, हेच मला वजनखोलीतून बाहेर काढणार. अकरा वर्षं झाली त्या खोलीत. खिडकी नाही. बाहेर ऊन की पाऊस, ते येणाऱ्यांच्या चपलांवरून कळतं.

५ मार्च
कारखान्याच्या मुख्य मॅडमना ठणकावून सांगितलं: पाच मिनिटांत मुरतं, तेलकटपणा औषधालाही नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, आधी अंगाला लावून तर बघा. या बाईंना दुसऱ्याचं चांगलं बघवतच नाही. मॅडम म्हणाल्या, सात तारखेला दहा वाजता दोघंही रिपोर्ट मांडा. ज्याचा खरा, त्याला नमुन्यांची खोली. तिथे दोन खिडक्या आहेत!

६ मार्च
घरात आजपासून साबण बंद. त्वचेचा शत्रू. टॉवेलही बंद, घासतो. हिने विचारलं, मग अंग पुसायचं कशाने? म्हटलं, हवेने. हिने टॉवेल घडी करून कपाटात ठेवले. पटलं असावं.

७ मार्च, सकाळी ८.०५
बाथरूम. वही इथेच आरशाखाली ठेवतो, निरीक्षणं ताजी हवीत. डोक्यापासून पायापर्यंत नमुना सात चोपडला.

८.१०
मुरलं.

८.१५
दाराची गोल मूठ फिरत नाही. हात घसरतोय. ती फिरल्याशिवाय आतलं लॉक सुटत नाही. हल्ली मुठी काय भिकार बनवतात!

८.४०
हात पाण्याने धुतले. थेंब नुसते घरंगळले. छान! रिपोर्टात घालावं. मूठ तशीच.

९.०५
चड्डीने धरून पाहिली. चड्डीही मऊ झाली आहे.

९.३०
फोन बाहेर. हिची सकाळची शाळा, साडेअकराशिवाय येत नाही. वहीची पानं फाडून हात पुसावेत असं मनात आलं. पण पुसणं म्हणजे मुरलं नाही हे कबूल करणं. आपण तत्त्वाचा माणूस.

१०.००
मीटिंग सुरू झाली असणार. माझ्यावाचून अडेल.

१०.३०
या बाथरूमलाही खिडकी नाही. इतकी वर्षं लक्षात कसं आलं नाही? डोळ्यांतून पाणी येतंय. एमोलिअंट गेलं असणार.

११.३५
ही आली. दाराबाहेरून सगळं खोदून खोदून विचारलं. खूप हसली. मग म्हणाली, थांबा, आधी तुमच्या ऑफिसला कळवते. कळवून आली आणि दाराखालून कागदावर चमचाभर कपडे धुण्याची पावडर सरकवली. ११.४२ ला सुटलो. शत्रूच्या मदतीने.

८ मार्च
बाईंचा रिपोर्ट पास. हिचा कालचा फोन नेमका बाईंनीच उचलला होता, आणि हिने सगळं इत्थंभूत सांगितलं. रिपोर्टात शेवटी नवी ओळ: ‘प्रत्यक्ष चाचणी. साडेतीन तासांनंतरही हात बुळबुळीत.’ खाली चाचणी दिलेल्या माणसाची सही लागते म्हणे. मॅडमनी पेन पुढे केलं. केली सही.

बाई आपला डबा-बाटली घेऊन नव्या खोलीत गेल्या. मी वजनखोलीत. दुपारी एक जण ओल्या चपलांनी आला. पाऊस पडत असावा.